बघूयांनी घेतलेला प्रोसेसर

माझ्या बायकोचे थोरले भाऊ चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. घरात त्यांना सगळे 'बघूया' म्हणतात, अर्थात पाठीमागे. हे नाव त्यांच्या धंद्यावरून पडलेलं नाही. कुठलीही खरेदी निघाली की ते 'बघूया' म्हणतात आणि मग खरोखरच बघत बसतात. फ्रिजच्या वेळी त्यांनी इतकं बघितलं की मनात भरलेलं मॉडेल कंपनीने बंदच करून टाकलं. "बघ, टिकाऊ नव्हतंच ते," असं म्हणून त्यांनी त्यातही समाधान मानलं.

गंमत अशी की दुकानात हाच माणूस गिऱ्हाइकाला उसंत देत नाही. डोळ्यांवर ती जड चौकट चढवायची, भिंग बदलायचं आणि विचारायचं, "पहिलं की दुसरं?" गिऱ्हाईक घुटमळलं की आवाज चढतो. "विचार करू नका. दिसतं ते सांगा. पहिलं की दुसरं?" माझ्या नाकावरचा चष्मा असाच दरडावणीने ठरलेला आहे, आणि तो उत्तम आहे.

त्यांची मुलगी कार्टून फिल्म करायला शिकली. शिक्षण संपताच तिला पहिलं पैशाचं काम मिळालं. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना आपल्या दवाखान्यातल्या टीव्हीवर लावायला मिनिटभराची फिल्म हवी होती. विषय असा, की एक दाढ किडत असते आणि डॉक्टरकडे जाणं सारखं पुढे ढकलते. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी हातात पडली नाही, तर मी तयार मिळते ती विकत घेईन." पहिलंच काम हातचं गेलं, तर दुसरं कोण देणार?

चित्रं तयार होती. अडचण घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची होती. सगळी चित्रं जोडून फिल्म बाहेर काढायची वेळ आली की त्याचा पंखा घोंघावायचा, आणि दाढेने तोंड उघडलं रे उघडलं की पडदा काळा. कितीही वेळा करा, दाढ तोंड उघडायची आणि कॉम्प्युटर डोळे मिटायचा.

"नवीन मी स्वतः जोडून देतो," मेहुण्यांनी जाहीर केलं. "दुकानातला तयार महाग पडतो. सुटे भाग आणले की त्याच पैशांत दुप्पट ताकद."

बजेटची बाब आल्यामुळे मला बोलावणं आलं. वाणिज्य शाखेचा माणूस एवढ्यासाठीच जवळ ठेवतात. माझ्या समजुतीप्रमाणे प्रोसेसर म्हणजे कचेरी. त्यातले कोअर म्हणजे कारकून. कारकून जास्त, तर फायली लवकर निकाली, पण पगारही जास्त. मी म्हटलं, "दादा, एकूण रकमेचा तिसरा हिस्सा प्रोसेसरला ठेवा आणि त्यात बसेल तो घ्या. संपलं."

"तसं नाही संपत," ते म्हणाले. "हा सहा कोअरचा. थोडे टाकले की आठचा. आठवर गेलो की आणखी थोडे टाकून नवीन पिढीचा येतो. आणि नवीन पिढीचाच घ्यायचा, तर दोन महिन्यांत त्याच्याहून नवीन येतोय. म्हणजे आत्ताच्याची किंमत उतरेल."

"असं थोडं थोडं टाकत तुम्ही विमानापर्यंत पोचाल," वहिनी आतून म्हणाल्या.

"बघूया," मेहुणे म्हणाले आणि चहाचा घोट डाव्या गालात फिरवला. उजवीकडची दाढ त्यांना कित्येक महिने छळत होती. डॉक्टर कुठला चांगला, याची चौकशी चालू होती.

मदरबोर्ड मात्र त्यांनी एका दुपारी घेऊन टाकला होता. ज्याच्यावर बाकीचे सगळे भाग बसतात, ती ही पाटी. दुकानात जुना माल अर्ध्या किमतीत काढला होता. खोकं माझ्यापुढे नाचवत ते म्हणाले, "घेतलं की नाही झटपट? उगाच नावं ठेवता."

त्यानंतर प्रोसेसरचं बघणं सुरू झालं. जेवताना बघणं, दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मधे बघणं. मुलीचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला. बाप जवळ आला की ती जुना कॉम्प्युटर मुद्दाम चालू करायची. तो घोंघावायचा, हे 'बघूया' म्हणायचे. शेवटच्या आठवड्याच्या मंगळवारी तिने मला फोन केला. "काका, आज तुम्ही बरोबर चला. बाबा एकटे गेले तर चौकशी करून परत येतील."

आम्ही तिघे गेलो. आश्चर्य म्हणजे मेहुण्यांचा निर्णय झाला होता. काउंटरवर बोर्डाचं खोकं ठेवून त्यांनी प्रोसेसरचं नाव असं घेतलं, जणू जावई निवडला. दुकानदाराने खोक्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"तो यावर बसणार नाही. हा बोर्ड मागच्या पिढीचा आहे. याची खाच वेगळी, त्याच्या पिना वेगळ्या."

"जरा दाबून?"

"अहो, बूट आहे का तो, दाबून पाय घालायला?"

"मग बोर्ड परत घ्या."

"सेलचा माल परत होत नाही. पावतीवर लिहिलंय."

मी पावती पाहिली. लिहिलं होतं. नवा बोर्ड घ्यायचा तर बजेट कोलमडत होतं. मेहुण्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"यावर बसतील असे कुठले आहेत?" मुलीने विचारलं.

दुकानदाराने कपाटात शोधून दोन डब्या आणल्या. एक आठ कोअरचा. तो तापतो, त्याला थंड ठेवायचा पंखा वेगळा घ्यावा लागेल. दुसरा सहा कोअरचा. पंखा डबीतच, शिवाय उरलेल्या पैशांत रॅम वाढवता येईल. दोन्ही आमच्या रकमेत बसत होते. मेहुण्यांचा हात सवयीने मोबाइलकडे गेला.

तेवढ्यात मुलीने दोन्ही डब्या त्यांच्या डोळ्यांसमोर धरल्या आणि थेट त्यांच्याच आवाजात विचारलं, "पहिला की दुसरा?"

"थांब, जरा..."

"विचार करू नका. दिसतं ते सांगा. पहिला की दुसरा?"

"दुसरा!" मेहुणे म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळून त्यांनी तोंडावर हात ठेवला. "पण मी म्हणतो..."

"बिल करा," मुलगी दुकानदाराला म्हणाली.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून त्यांनी कॉम्प्युटर जोडला. इथे मात्र त्यांचा हात बघत राहावा असा. चष्म्याच्या दांडीचे मुंगीएवढे स्क्रू फिरवलेली बोटं ती. प्रोसेसर त्यांनी भिंगासारखा फक्त कडांना धरला, त्याच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवला आणि न दाबता सोडून दिला. तो आपल्या जागी गेला. "बघा," ते मला म्हणाले, "दाबावं लागलंच नाही." मी मान डोलावली. पाहुण्याने वाद घालू नये.

कॉम्प्युटर सुरू झाला. मुलीने फिल्म काढायला लावली. आम्ही सगळे दाढेच्या जागेवर डोळे लावून बसलो. दाढेने तोंड उघडलं. पडदा उजळच राहिला. दाढ चक्क बोलली, "डॉक्टर? बघूया. पुढच्या महिन्यात बघूया!"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मेहुणे पुढे वाकले.

"या दाढेला चष्मा का गं आहे?"

"सहज," मुलगी म्हणाली.

शुक्रवारी फिल्म पोचवायला ते स्वतः तिच्याबरोबर गेले. मीही गेलो, कारण शेवट पाहायचा होता. डॉक्टरीणबाईंनी फिल्म तिथेच टीव्हीवर लावली. बाकावरचे लोक हसले. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "पुढची हिरड्यांवर कर." मुलीने हो म्हणायला क्षणही घेतला नाही. हा गुण तिने आईकडून उचलला असावा.

मग बाईंचं लक्ष मेहुण्यांच्या गालावरच्या हाताकडे गेलं. "दाढ दुखते का?"

"थोडी. बघूया, पुढच्या..."

अख्ख्या बाकावर हशा पिकला. आत्ताच टीव्हीवर ऐकलेलं वाक्य माणसाच्या तोंडून येत होतं, तेही चष्म्यासकट. आता सुटका नव्हती. त्यांना आत नेऊन खुर्चीत बसवलं, आ करायला लावला. बाईंनी पाहून सांगितलं, "काढायची गरज नाही, भरून भागेल. चांदीची भरू की पांढरी?"

मेहुण्यांनी डोळे फिरवले. तोंड उघडं, त्यात आरसा. चौकशी करणार तरी कशी?

दारात उभी असलेली मुलगी म्हणाली, "बाबा, पहिली की दुसरी?"

त्यांनी मुकाट्याने दोन बोटं वर केली.