बसलिंगच्या हजार बैठका

बार्शीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली खिडकीतल्या उजेडात धरली. आतली लघवी काळ्या चहासारखी दिसत होती. त्यांनी माझ्या मेहुण्याच्या मांड्या दाबल्या. दोन्ही लाकडासारख्या टणक झाल्या होत्या.

"गावात काय सांगितलं?"

"उष्णता म्हणाले. सब्जाचं पाणी पाजलं."

"ही उष्णता नव्हे. यानं कसली मेहनत केली?"

खाटेवरून बसलिंग म्हणाला, "बैठका मारल्या. हजार."

डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळात होते. पडक्या भिंतींखाली पाय चेंगरलेल्या शिपायांची लघवी अशीच झालेली त्यांनी पाहिली होती. ते म्हणाले, "मांडीचे स्नायू आतून फुटलेत. त्यांच्यात मायोग्लोबिन म्हणून एक लाल द्रव्य असतं. ते रक्तात उतरलंय आणि आता किडनीत, म्हणजे मूत्रपिंडात, अडकतंय. लघवी वाढली तर पोरगा वाचेल. बंद झाली तर माझ्याकडं इलाज नाही."

बसलिंग एकोणीस वर्षांचा, माझ्या बायकोचा, गंगाचा, धाकटा भाऊ. जळकोटला घरची शेती. येडेश्वरीच्या जत्रेत कुस्ती धरायची म्हणून महिनाभर आमच्याकडं येरमाळ्याला राहायला आला होता. मी तिथं शाळामास्तर. कधीकाळी तालमीत गेलेला, आणि तो रुबाब अजून अंगातून न गेलेला.

तालमीतले महेबूब उस्ताद त्याला रोज शंभर बैठकांच्या वर जाऊ देत नसत. एकदा जेवताना मी हसून म्हणालो, "शंभर तर आमच्या शाळेतली पोरं मारतात. गडी असशील तर हजार मारून दाखव." माझ्या स्वतःच्या कधी सहाशेच्या पुढं गेल्या नव्हत्या. ते मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उस्ताद परगावी गेलेले. बसलिंग तालमीच्या हौद्यात, लाल मातीत उभा राहिला, मी कट्ट्यावर बसून मोजू लागलो. चारशेपर्यंत बरं चाललं. मग त्याचे गुडघे आत पडू लागले. पाठ वाकली. तो धाडकन खाली बसायचा, दम कोंडून हिसक्यानं वर यायचा. ते सगळं मला दिसत होतं. सातशेला तो म्हणाला, "दाजी, मांड्या पेटल्यात." मी म्हणालो, "पुढं." हजार झाल्यावर त्याला खांद्याचा आधार देऊन घरी आणावं लागलं.

सकाळी त्याला परसाकडला बसता येईना. गावात उष्णता म्हणाले, म्हणून दोन दिवस सब्जाचं पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी लघवी काळी झाली, तेव्हा मी घाबरलो आणि बार्शीची मोटार धरली.

येरमाळा निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांच्या; हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, निजामाच्या जवानानं मोटार थांबवली. माझ्या पिशवीतली बाटली काढून त्यानं विचारलं, "ये क्या है? दारू?" मी आजाऱ्याकडं बोट दाखवलं. त्याचा विश्वास बसला नाही. बूच काढून त्यानं वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि बाटली माझ्या हातात कोंबली. तेवढ्या वेळात बसलिंगला दोनदा उलटी झाली.

दवाखान्यात त्याला सलाईन लावलं, म्हणजे सुईनं शिरेतून मिठाचं पाणी देतात ते. त्यासोबत सोड्याचं औषध. लघवी काचेच्या भांड्यात मोजून कागदावर लिहायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत झाली जेमतेम अर्धी वाटी.

दुसऱ्या दिवशी गंगा आली. बसलिंगचं तोंड सुजलं होतं. झोपेत तो "अव्वा, अव्वा" म्हणून आईला हाक मारत होता. तो जागा झाल्यावर तिनं विचारलं, "एवढ्या बैठका कशापायी मारल्यास रं?"

"माझीच हौस, अक्का," तो म्हणाला. माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

ते मला सोसलं नाही. मी म्हणालो, "मी डिवचलं. मोजायला बी मीच बसलो होतो. मांड्या पेटल्यात म्हणाला तरी मी थांबू दिलं न्हाय."

गंगानं खाटेखालचं भांडं उचलून माझ्या पुढ्यात ठेवलं. "तवा मोजत होता न्हवं? आता हे मोजा."

मी मोजत राहिलो. त्या दिवशी तर अर्धी वाटीही भरली नाही. डॉक्टर कागद बघत आणि पुढच्या खाटेकडं जात. व्हरांड्यातल्या बाकावर गंगा माझ्यापासून हातभर लांब बसे. पाणी मागायचं झालं तरी ती नर्सला सांगे.

चौथ्या सकाळी बसलिंगनं भांडं मागितलं. अर्ध्याच्या वर भरलं. रंगही उतरला होता. मी ते तसंच हातात धरून डॉक्टरांकडं पळालो. त्यांनी उजेडात पाहिलं आणि पहिल्यांदा हसले. "मूत्रपिंडं कामाला लागली. आता भीती गेली." मागं वळलो तर गंगा दारातच उभी होती. ती पदरात तोंड घालून रडली. मग म्हणाली, "चहा घ्या. चार दिवस पोटात काय न्हाय तुमच्या."

ज्यांच्या घरी मेहनतीची पोरं आहेत त्यांना एवढंच सांगतो. अंग दुखणं वेगळं आणि मांडी दगड होणं वेगळं. लघवी काळी दिसली तर घरगुती औषधात दिवस घालवू नका, दवाखाना गाठा. त्या डॉक्टरांचे उपकार मला या जन्मी फिटायचे नाहीत.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली. बसलिंग पुन्हा हौद्यात उतरला. या खेपेला उस्ताद समोर होते आणि मी त्यांच्या मागं उभा होतो.

"पाय खांद्याएवढे ठेव," उस्ताद म्हणाले. "गुडघा पंजाच्या सरळीत पायजे, आत पडला की खेळ खलास. छाती वर. धाडकन बसू नको. दम घेत खाली जा, सोडत वर ये. आन् कमर वाकली म्हंजे मांडी थकली, तितंच थांबायचं."

बसलिंग सावकाश बैठका मारू लागला. विसाव्या बैठकीनंतर तो सरळ उभा राहिला.

"दाजी, मांड्या थरथरायल्यात. बास."

हे तो उस्तादांना नाही, मला म्हणाला, आणि म्हणताना जरासुद्धा कचरला नाही. मी पुढं होऊन त्याच्या खांद्यावर पंचा टाकला.