काकी सोशिक नव्हती

माझी धाकटी काकी आमच्या घरात आली तेव्हा मी सात वर्षांची होते. ती मुरबाड तालुक्यातली, धसईच्या बाजूची. आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीपासून चालत अर्ध्या तासावर. काका तिला बघायला गेला तेव्हा आजोबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "जेवण करता येतं का?" तिनं सरळ त्यांच्याकडे बघून सांगितलं, "येतं. कबड्डीपन येते." परत येताना एसटीत काका आजोबांना म्हणाला, "हीच." ही गोष्ट आजोबा पुढं कितीतरी वर्षं तक्रार म्हणून सांगायचे आणि काका कौतुक म्हणून. शब्द दोघांचे तेच असायचे.

आजी मी जन्मायच्या आधीच गेली होती. घरात आजोबा, माझे आईबाबा, काका-काकी आणि आम्ही पोरं. पावसाळ्यात भात, नंतर भेंडी. भेंडी तोडताना हातांना खाज सुटते, म्हणून बाया हातात जुने मोजे घालतात. काकीनं घातलेले मोजे काकाचे नवे असायचे. जुने तिला आवडायचे नाहीत. ती हसली की शेजारचे ओट्यावर येऊन विचारायचे, काय झालं म्हणून. रेशनच्या दुकानात बहिऱ्या म्हातारीला परत पाठवलं तर ही तिचा हात धरून पुन्हा रांगेत पुढं जाऊन उभी राहायची आणि पोतं उघडेपर्यंत हलायची नाही. गावातल्या म्हाताऱ्या तिच्यावर जीव टाकायच्या.

ती देवी नव्हती, हे आधीच सांगते. तिला राग पटकन यायचा आणि माफी मागायला तिची जीभ वळायची नाही. माझ्या आईशी एकदा चुलीवरून वाजलं, तर वर्षभर दोघींनी एकाच घरात दोन चुली मांडल्या. चूक काकीची होती. ते तिला कळलं होतं, पण तिनं ते कधी म्हटलं नाही. एक दिवस आईच्या चुलीपुढं बसून ती भाकऱ्या थापू लागली, आणि भांडण मिटलं.

मी नववीत असताना शाळेच्या कबड्डीच्या संघात माझी निवड झाली. तालुक्याच्या स्पर्धा शहापूरला होत्या. सरांनी एक निळी हाफ पँट, एक बनियन आणि पालकांच्या सहीचा कागद दिला. आईनं ती पँट पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवली. सामन्याच्या दिवशी दप्तरातून न्यायची, शाळेत घालायची, कुणाला कळणार नाही, असं तिचं म्हणणं. काकीनं ते ऐकलं, पँट बाहेर काढली, धुतली आणि अंगणातल्या दोरीवर, अगदी दारासमोर वाळत घातली.

आजोबा शेतावरून आले. दोरीखाली थांबले.

"हे काय?"

"चड्डी," काकी म्हणाली.

"कुणाची?"

"आपल्या पोरीची. तालुक्याला खेळायला चाललीय."

आजोबांनी पाय धुतले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आपल्या घरातल्या पोरी असल्या कपड्यात चार माणसांत उतरनार नाय."

माझे बाबा तिथंच विळ्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. आजोबांपुढं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते, त्या दिवशीही बोलले नाहीत. आई आत निघून गेली. मला वाटलं, संपलं.

काकी दोरीपाशीच उभी होती. "बाबा, एक विचारते," ती म्हणाली. "लावणीला मी गुडघ्याच्या वर साडी खोचून दिवसभर चिखलात वाकलेली असते. समोर तुमी असता, भाऊजी असतात, मजुरीला आलेले गडी असतात. तवा घराची लाज नाय जात. पोरगी खेळायला उतरली की कशी जाते?"

आजोबा ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "तुझ्याशी बोलन्यात अर्थ नाय." आणि त्यांनी शब्द पाळला. त्या दिवसापासून ते काकीशी बोलायचे बंद झाले.

कागदावर पालकांच्या जागी काकीनं सही केली आणि नात्याच्या रकान्यात "काकी" असं मोठ्या अक्षरात लिहिलं. सर म्हणाले, आई किंवा वडील लागतात. ती म्हणाली, "ती येत नायत. मी आलेय. माझी सही घ्या, नायतर तुमी जाऊन त्यांना आना." सरांनी कागद घेतला.

आम्ही हरलो. एकदोन गुणांनी नाही, सपशेल हरलो. मी पहिल्याच चढाईत पकडले गेले आणि मैदानाबाहेर बसून रडले. काकी सामना बघायला आली होती; येताना सापगावला ती मला एसटीतून खाली उतरवून वडापावच्या गाडीवर घेऊन गेली. जवळ घेणं, डोकं कुरवाळणं असलं काही तिला जमत नसे. ती म्हणाली, "आत गेलीस तवा कुठं बघत होतीस?"

"खाली."

"कुणाच्या पायाकडं?"

"माझ्याच."

"तेच. आपले पाय कुठं जातात? ते आपल्याबरोबरच असतात. त्यांचे बघायचे. आनि चोरी करायला गेल्यासारखी गेलीस. दम घेऊन गेलीस ना? मंग सरळ जायचं." मग तिनं वडापावचा कागद खाली ठेवला, रस्त्याच्या कडेला पायानं रेघ ओढली आणि साडी खोचून मला घोटा कसा सोडवायचा ते दाखवलं. पुढच्या गाडीची वाट बघणारी माणसं बघत होती. मी लाजेनं मेले. तिला त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

घरी आजोबांचा अबोला चालूच होता. दुसरी कुणी सून असती तर रडली असती, नाहीतर पाया पडली असती. काकीनं वेगळाच उपाय काढला. आजोबांच्या वाटणीचं बोलणंही तीच बोलू लागली. चहा ठेवताना म्हणायची, "बाबा, चहा." मग लगेच आवाज जाड करून, "ठेव तिथं." मग पुन्हा आपल्या आवाजात, "साखर बरी आहे का?" आणि जाड आवाजात, "बरी आहे, सूनबाई, तुझ्या हाताला चव आहे." आम्ही पोरं उशीत तोंड घालून हसायचो. आजोबा दगडासारखे बसून राहायचे. असं दोन महिने चाललं. एक दिवस तिनं जाड आवाजात म्हटलं, "आज भेंडी झकास झाली होती, उद्या परत कर." आजोबांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "झकास नव्हती. खारट होती."

काकीनं हसू येऊ दिलं नाही. "उद्या मीठ कमी घालते," ती म्हणाली आणि ताट उचलून आत आली. आत आल्यावर मात्र आईच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्यानंतर मी चार वर्षं स्पर्धांत खेळले. आमच्या खळ्यावर संध्याकाळी गावातल्या पोरी जमायच्या आणि काकी शिकवायची. गावात होळीच्या सुमारास मंडळाचे पुरुषांचे सामने व्हायचे. काकीनं मंडळाकडं बायांच्या एका सामन्याची मागणी केली. एक जण म्हणाला, "बायांचा सामना बघायला कोन येनार?" ती म्हणाली, "तुमी. आत्ताच इतकी काळजी करताय तर येनारच."

तो सामना झाला. गावच्या लेकी एका बाजूला, गावच्या सुना दुसऱ्या बाजूला. मी लेकींकडून, काकी सुनांकडून. सुना पातळांचे काष्टे मारून उतरल्या. कुणाच्या दोन लेकरांना सासू सांभाळत होती, एकीची सासूच पंचांशी भांडत होती. मी चढाईला गेले तेव्हा काकीनं माझा घोटा असा धरला की सापगावला शिकवलेलं काही कामाला आलं नाही. सुना जिंकल्या. पुरुषांच्या अंतिम सामन्याला जमली नव्हती एवढी माणसं जमली होती.

आणि एवढं होऊन पुढच्या वर्षी मंडळानं बायांसाठी हळदीकुंकू आणि संगीत खुर्ची ठेवली. कारण कुणी सांगितलं नाही. काकी मंडळाकडं पुन्हा गेली नाही. तिनं भात कापून मोकळं झालेलं आमचं खाचर काकाकडून सपाट करून घेतलं, चुन्याच्या रेघा मारल्या आणि ज्या वेळी संगीत खुर्ची होती त्याच वेळी सामना लावला. संगीत खुर्चीला खुर्च्याच उरल्या. तेव्हापासून दर वर्षी सामना आमच्या खाचरात होतो.

माझं लग्न झालं, मी कल्याणला एका लॅबमध्ये कामाला लागले. काकी बेचाळीस वर्षांची असताना तिच्या अंगावर सूज यायला लागली. तिचं रक्त मीच तपासायला घेतलं. मशीनमधून आलेला आकडा मी तीनदा बघितला. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या.

मी रडत सांगितलं. तिनं विचारलं, "मंग आता करायचं काय, ते सांग."

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. काका तिला घेऊन कल्याणला यायचा आणि मी सुट्टी काढून शेजारी बसायचे. हातावर छोटं ऑपरेशन करून शिरा जोडल्या होत्या. तिथं बोट ठेवलं की आतून सतत थरथर लागायची. काकी गावातल्या पोरांना हात कानाला लावायला द्यायची. "ऐका, माझी मोटार. शेतावरची बंद पडते, ही पडत नाय." शेजारच्या खाटेवरच्या बायकांची नावं, गावं, सुना सगळं तिला पाठ झालं होतं. त्यातली एक बाई महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. काकीनं तिच्याशीही दोन्ही आवाजांत बोलायला सुरुवात केली.

नातेवाईक भेटायला यायचे आणि तोंड पाडून बसायचे. एका मावशीनं म्हटलं, "देवानं तुझ्यावरच का गो आनलं?" काकी म्हणाली, "मग कुनावर आनायला पायजे होतं? तुमच्यावर?" मावशी चहा न घेता गेली. काका रागावला. काकी म्हणाली, "मी मरायच्या आधीच रडायला आलेली. तिला नंतर बोलव."

पण मी तिला घाबरलेलंही पाहिलं आहे. दुसऱ्या वर्षी एकदा खाटेवर तिचा रक्तदाब एकदम खाली गेला. सिस्टर धावत आल्या. तिनं माझं मनगट धरलं, त्या दुबळ्या हातात अजून तीच पकड होती. सावरल्यावर हळू म्हणाली, "मला जायचं नाय गो, बाय." एवढंच. घरी कुणाला सांगू नकोस, असं तिनं म्हटलं नाही, पण मी आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगते, कारण घाबरूनही ती पुढच्या खेपेला वेळेवर आली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सुईत धागा ओवून दिला.

त्या हाताला धक्का लागू द्यायचा नव्हता, म्हणून खेळणं बंद झालं. ती शिट्टी घेऊन पंच झाली. डायलिसिसच्या तिसऱ्या वर्षी झालेल्या सामन्यात खुर्चीवर बसून तिनं लेकींच्या विरोधात तीन निर्णय दिले, त्यातले दोन साफ चुकीचे होते. मी भांडायला गेले तर म्हणाली, "पंचाशी वाद घालायचा नाय. बाहेर बस." त्यानंतर दीड महिन्यानं ती गेली.

आमच्याकडं दहाव्याला नदीवर माणसं जमतात. विधी चालू असताना माईकवरून श्रद्धांजली वाहतात. एक पुढारी उभे राहिले. काकीला ते ओळखत होते असं मला वाटत नाही. ते म्हणाले, "अत्यंत सोशिक, शांत स्वभावाची माउली होती. कधी वर मान करून बोलली नाही. आजच्या मुलींनी आदर्श घ्यावा." माणसं माना डोलावत होती. मी बायांच्या घोळक्यात बसले होते. आमच्याकडं दहाव्याला बाया माईकवर बोलत नाहीत.

मी उठले. पुढे जाऊन माईक हातात घेतला.

"माझी काकी सोशिक नव्हती," मी म्हणाले. "शांत तर अजिबात नव्हती. तिनं मान वर केली म्हणून मी शाळेच्या संघात खेळले, म्हणून मी नोकरी करते. तिनं भांडून आम्हाला खेळायला जागा दिली. ती सोसत बसली असती तर आज इथं एवढ्या बाया आल्या नसत्या. तिच्याबद्दल खोटं सांगू नका."

मी खाली बसले. ते पुढारी निघताना माझ्याजवळ आले आणि समजुतीनं म्हणाले, "ताई, माणूस गेल्यावर चांगलं बोलायचं असतं."

"मी चांगलंच बोलले," मी म्हणाले.

काका मुंडण करून पाण्याच्या कडेला बसला होता. दहा दिवस त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तो एकदम हसला, मोठ्यानं, आणि हसता हसता रडायला लागला. माझे बाबा उठले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तिथंच उभे राहिले. तेवढ्यात मागून सुनांच्या संघातली एक उठली आणि माईक मागू लागली. तिच्यामागं आणखी एक उठली. तिच्यामागं ती रेशनच्या रांगेतली बहिरी म्हातारी, जिला आधी कोण काय बोललं ते कळलंच नव्हतं. भटजी घड्याळ बघत राहिले. त्या दिवशी जेवणं व्हायला तीन वाजले.