भर मंडईत डोमाजी

आमचे हे, डोमाजी, तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत कामाले. पण दिवाळी झाली का गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडली जत्रा, भरते, दंडारीचा नाच होते, आन त्या नाचातली बाई म्हणजे आमचे हे. तीस वर्षं झाली. मिशी साफ, पायात चाळ, अंगावर माह्यंच लुगडं. ढोलकी वाजली का पन्नाशीचा माणूस अशी गिरकी घेते का तरण्या पोरींनी लाजावं!

यंदा आमच्या रूपालीची सोयरीक बालाघाटात जुळत होती. मुलाचे वडील दुलीचंदजी हापिसात मोठे बाबू. पोरगी पाहाले आले तवाच बोलले, "नाचणाऱ्या-गाणाऱ्याच्या घरी आम्ही सोयरीक करत नाही."  पोरीचं चांगलं होऊन राह्यलं म्हणून मी यायच्या नाचाचं लपवलं. पाहुणे गेल्यावर मी आमच्या यायले म्हणलं, "यंदा नका नाचू जी."

हे एरवी माह्या शब्दाबाहेर नाहीत. पण म्हणाले, "रूपालीची माय, खाणीत मी हजेरीतलं एक नाव आहो. मी कोण आहो ते मले नाचतानाच समजते." कपाळ माह्यं!

मंडईच्या दिवशी दुलीचंदजी न सांगता हजर!  तिकडं दंडार रंगात. दुलीचंदजी तर पाहतच राह्यले. "वा! कोण हा माणूस? काय नाचतो!"

मी पदर तोंडात धरला. रूपाली म्हणाली, "माझे बाबा आहेत."

दुलीचंदजीचं तोंड उतरलं. नाच थांबला, हे घामाघूम, हात जोडत आले. दुलीचंदजी म्हणाले, "लग्न होऊ द्या. पण आजपासून हे नाचणं बंद."

हे खाली बसले आन चाळ सोडाले लागले. 

रूपालीनं बापाचा हात धरला. "नका सोडू, बाबा." मंग दुलीचंदजीकडं वळली, "काकाजी, बाबाचा नाच बंद करून मले तुमच्या घरी नाही यायचं."

दुलीचंदजी गेले, सोयरीकही गेली. लोक माह्याकडं पाहून राह्यले. रडली मी, खोटं काहून बोलू? पण ढोलकीवाल्या पुनारामनं थाप मारली, हे पुन्हा रिंगणात शिरले, आन सोयरीक मोडलेल्या पोरीच्या या मायनं भर मंडईत दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.