बिनधुराचं गुऱ्हाळ

एदिल्मा पिन्सोनला झाडाझुडपांचं कौतुक कधीच नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे गावातल्या लोकांनी तिच्याबद्दल नाही नाही ती भाषणं ठोकली. तिला रानात जायला आवडत नसे. सापाची भीती वाटे. नदीला तर ती 'ती मेली' असंच म्हणायची, कारण लहानपणी पुरात नदीने तिची शेळी ओढून नेली होती. सहकारी संस्थेने तिला 'लहान उद्योगांची पर्यावरण सल्लागार' नेमली ती केवळ तिचं अक्षर सुवाच्य होतं म्हणून. त्याआधी वीस वर्षं ती गुऱ्हाळाच्या पडवीत बसून गुळाच्या चौकोनी वड्या पाल्यात बांधत असे.

तिने हे काम पत्करलं त्याला कारण एकच, तिचा नवरा क्रिसान्तो.

सुआरेस नदीच्या आमच्या खोऱ्यात जो तो ऊस लावतो आणि ज्याच्याकडे जरा उतार आणि पाणी असेल तो गुऱ्हाळ घालतो. जुन्या चुलाणात ओली चिपाडं धड पेटत नसत. म्हणून त्यांच्या जोडीला ट्रकचे झिजलेले टायर टाकायची पद्धत पडली होती. टायर भडाभडा जळतो आणि काहिलीला असा जाळ देतो की गुळव्या खूश. धूर मात्र काळाकुट्ट, डांबरासारखा. क्रिसान्तो तीस वर्षं बेलार्मिनो अरिसांच्या चुलाणापुढे जाळ घालत होता. तो खोकायला लागला की खालच्या वाटेवरची खेचरंसुद्धा कान टवकारायची. रात्री आडवं होता येत नसे म्हणून तो भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपे.

"कोरडा खोकला आहे. मध चालू केलाय," असं एदिल्मा विचारणाऱ्याला सांगे. तालुक्याच्या डॉक्टरने तिला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं होतं. हा माणूस त्या धुरात आणखी एक-दोन हंगाम काढेल, फार तर. ते तिने कुणाला सांगितलं नाही. मध वाढवला.

क्रिसान्तोला दुसरं काम लावावं, तर तो ऐकणाऱ्यातला नव्हता. "मी चुलाणासमोरून उठलो तर दुसरं कोण बसेल, तुम्ही?" तो विचारी. (आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना 'तुम्ही'च म्हणतात. कुत्र्यालाही म्हणतात, आणि तोही तेवढंच ऐकतो.) माणूस चुलाणापासून हलत नाही तर चुलाणच बदलू, एवढा साधा तिचा हिशेब होता. संस्थेकडे नव्या तऱ्हेच्या चुलाणाचा नकाशा होता. उंच धुराडं, आत हवा खेचणारी लांब पोकळी, ओली चिपाडंसुद्धा स्वच्छ जळतात, टायर लागतच नाही.

मग ती पिवळा कागद घेऊन सतरा गुऱ्हाळं हिंडली. कागदावर अकरा प्रश्न. पहिला: तुमच्या चुलाणात काय जाळता? पुढे चौकटी होत्या, चिपाडं, लाकूड, टायर, इतर. लोकांनी तिला काय काय ऐकवलं! एकाने विचारलं, हा कागद करवाल्यांनी पाठवला का. दुसऱ्याने तिला आंबवलेला रस पाजून हसत हसत वाटेला लावलं. आणि पलीकडच्या डोंगरावरच्या अमिंता ओलार्तेने तर दारच लावून घेतलं. तिचा नवरा एलिएसेर त्यांच्या स्वतःच्या चुलाणापुढे बसायचा.

"आधी घरी जाऊन तुमच्या क्रिसान्तोंना विचारा, तीस वर्षं टायर कोण टाकतंय ते!" अमिंता दाराआडून ओरडली. एदिल्माने कागदाची घडी घातली आणि ती वाटेला लागली. बाईचं म्हणणं खरंच होतं.

शेवटी बेलार्मिनो अरिसा तयार झाले. पर्यावरणासाठी नव्हे, तर त्यांचं जुनं चुलाण पावसाळ्यात आपसूक बसलं म्हणून. "बांधायचंच आहे तर तुमचं बांधतो. विटा संस्थेच्या," ते म्हणाले. "पण डोन्या एदिल्मा, एकच गाळप बघणार. नाही जमलं तर कुदळीने फोडणार. तो टायरांचा ढीग आहे ना, तो मी हलवत नाही. तिथेच राहू दे." ('डोन्या' म्हणजे आमच्याकडे 'बाईसाहेब'.)

बाकीचे सोळा जण वाट बघत होते. बेलार्मिनोंचं फसलं की एदिल्माने तो कागद नदीत सोडायचा, हे न बोलताच ठरलं होतं. मग क्रिसान्तो पुन्हा टायरापुढे बसणार होता, आणि मग कितीही मध आणला तरी पुरणार नव्हता.

गाळपाच्या आधी ऊस तोडून अंगणात रचला. तोडणारी मंडळी नेहमीप्रमाणे दुसऱ्या गावी कामाला गेली. बेलार्मिनोंकडे गाळप सुरू झालं की ती परत येतात, चरकावर उभी राहतात, चिपाडं वाहतात, साचे भरतात. त्यांना कुणी निरोप धाडत नाही. एकाला निरोप गेला आणि दुसऱ्याला नाही, तर तीन पिढ्या अबोला. ती आपणहून येतात, आजवर आलीच होती.

सोमवारी पहाटे चुलाण पेटलं. आत जाळ कसा घुमत होता! काहिलीत रस उसळायला लागला. क्रिसान्तो मात्र सारखा बाहेर जाऊन धुराड्याकडे मान वर करून बघत होता.

"पेटलंय ना?" त्याने बायकोला विचारलं.

"तुमच्यासमोर तर जळतंय!"

"हो, पण वर काहीच नाही. पूर्वी धूर बघून कळायचं, जाळ कमी की जास्त. हे चुलाण आहे की नवी सून? तोंडातून शब्द नाही."

काहिलीची पांढरी वाफ निघत होती, पण ती छपराबाहेर पडली की खोऱ्यातल्या धुक्यात जाऊन मिसळे. दुपार झाली. कुणी आलं नाही. बेलार्मिनो, त्यांची बायको, दोन जावई आणि क्रिसान्तो, एवढ्या पाच जणांत बारा जणांचं काम चाललं होतं. एदिल्माने बाह्या सरसावून चरकात ऊस घालायला सुरुवात केली. सल्लागारबाईला असं काम करताना बघून मोठ्या जावयाने तोंड फिरवून हसू दाबलं.

मंगळवारीही कुणी नाही. एदिल्माच्या डोक्याचा भुगा व्हायची वेळ आली. मजुरीवरून कुणी रुसलं का? पिवळ्या कागदाने लोक बिथरले का? की अमिंताने कान भरले? दुपारी तिने पाहिलं, समोरच्या डोंगराच्या वाटेवर दोन माणसं थांबली, इकडे बघून त्यांनी हॅट काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुढे निघून गेली. एदिल्माला वाटलं, चिडवतायत. तिला इतका राग आला की तिने उसाचं कांडं त्यांच्या दिशेने भिरकावलं. ते जेमतेम कोंबड्यांपर्यंत गेलं.

"निरोप धाडा ना कुणाला तरी," ती बेलार्मिनोंना म्हणाली.

"अरिसांच्या गुऱ्हाळावर आजवर कुणाला बोलवावं लागलेलं नाही." बेलार्मिनो चिडून म्हणाले. "तुमच्या चुलाणाआधी तरी."

बुधवारी ढिगाच्या खालच्या उसाला आंबूस वास येऊ लागला. एका काहिलीचा गूळ धरेचना, नुसता चिकट लगदा झाला. बेलार्मिनोंनी तो डुकरांपुढे ओतला आणि कुदळ आणून चुलाणाच्या भिंतीला टेकवून ठेवली.

"उद्या सकाळपर्यंत. मग फोडतो, आणि टायरवर उरलेला ऊस वाचतो का बघतो."

एदिल्मा टायरांच्या ढिगावर जाऊन बसली. तिने कागद काढला. अकराच्या अकरा प्रश्नांची उत्तरं बरोबर होती. काय जाळता? फक्त चिपाडं. सांडपाणी कुठे जातं? खड्ड्यात. धूर किती? नाही. कागदावर इतकं नीटनेटकं गुऱ्हाळ अख्ख्या खोऱ्यात नव्हतं, आणि तेच बुडायला निघालं होतं. चुकलं कुठे? सगळं बरोबर केलं की असं होतं का? तिने कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मागे कोरं होतं. तिला रडू येत होतं आणि नेमकं कशाचं येतंय हेही कळत नव्हतं, म्हणून ती रडलीही नाही.

गुरुवारी सकाळी ती अंगणात उभी असताना वाटेवर माणसं दिसली. तीस-चाळीस तरी असतील. पण कामाला येणाऱ्यांसारखी नव्हती. बायका काळ्या शाली पांघरलेल्या, पुरुषांच्या हॅट हातात, कुणाकडे मेणबत्त्यांचा जुडगा, कुणाकडे कॉफीची पुरचुंडी, कुणाच्या काखेत कोंबडी. सगळ्यांत पुढे अमिंता. कुणीतरी गेलेलं दिसतंय, एदिल्माच्या मनात आलं. शेजारधर्म म्हणून तिने घाईघाईने ओले हात पुसले, डोक्याला रुमाल बांधला आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली.

अमिंताने तिला घट्ट मिठी मारली. जिने दार लावून घेतलं होतं, ती हीच.

"धीर धरा हो, डोन्या एदिल्मा. सुटले बिचारे."

"कोण सुटले?"

"शेवटी फार त्रास झाला का?"

"कुणाला?" एदिल्माने विचारलं. पण तोवर पुढच्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले होते. "देवमाणूस होता," तो म्हणाला. त्याच्या मागच्याने तिच्या हातात कोंबडी दिली. एक म्हातारी तिचे गाल कुरवाळत म्हणाली, "मधाने काय होतंय, बाई. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं." आणि मग कुणीतरी हळूच विचारलं, "कुठे ठेवलंय त्यांना?"

एदिल्मा पळाली. अर्ध्या तासापूर्वी तिने स्वतः क्रिसान्तोला न्याहारी दिली होती, तरी ती जिवाच्या आकांताने पळाली, कोंबडी हातातच, पायऱ्या, पडवी, चरक ओलांडून थेट चुलाणाच्या तोंडापाशी. एवढी माणसं खोटं का बोलतील, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

क्रिसान्तो दगडावर बसून मक्याची भाकरी खात होता.

तिने त्याचं तोंड एका हाताने धरलं, कान ओढला, छाती चाचपली. "तुम्ही आहात ना?"

"मी नाही तर कोण, बिशप?" तो म्हणाला. "कोंबडी कुठून आणलीत?"

मागून सगळी मंडळी आली आणि दारातच थिजली. म्हातारी किंचाळली. दोघांनी पुन्हा क्रूसाची खूण केली. मग एकदम सगळे बोलायला लागले, आणि त्या गलक्यातून एदिल्माला हळूहळू उलगडा झाला. शनिवारी सगळ्यांनी अरिसांच्या अंगणात ऊस रचलेला पाहिला होता. सोमवारी धूर नाही. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. ऊस रचून ठेवूनही अरिसा चुलाण पेटवत नाहीत, म्हणजे चुलाणापुढचा माणूस गेला. दुसरं काय असणार? आजवर धूर दिसला की माणसं कामाला यायची. धूर दिसला नाही म्हणून या वेळी ती दुखवट्याला आली होती.

"म्हणजे मी जिवंत आहे म्हणून तुम्ही आला नाहीत," क्रिसान्तो म्हणाला, "आणि मेलो म्हणून आलात. बरे शेजारी मिळालेत! आता आलाच आहात तर शाली काढा आणि चरकाला लागा."

असं हसू त्या छपराखाली कधी ऐकू आलं नसेल. शाली खुंटीवर गेल्या. तोडणारे त्यांच्यातच होते. मेणबत्त्या कोपऱ्यात ठेवल्या, कोंबड्या शिजायला गेल्या. तिसरा हिस्सा ऊस आंबून गेला होता, तो गेलाच. बाकीचा दुपारपर्यंत चरकातून असा निघाला की बेलार्मिनोंनी कुदळ उचलली आणि गोठ्यात नेऊन ठेवली.

एदिल्मा पडवीत जुन्या जागी वड्या बांधायला बसली. हात चालत होते, पण मन कुठे लागत नव्हतं. आपण आनंदात आहोत की घाबरलो आहोत, हे तिला कळेना. चाळीस माणसं आली होती आणि त्यांतल्या एकालाही क्रिसान्तोच्या जाण्याचं नवल वाटलं नव्हतं. तिचं गुपित अख्ख्या खोऱ्याने केव्हाच ओळखलं होतं. ते मधाचं ऐकून घ्यायचे, एवढंच.

अमिंता कामाला लागली नव्हती. ती चुलाणाशी उभी राहून क्रिसान्तोकडे बघत होती. खोकला गेला नव्हता, अधूनमधून येत होता. पण त्याचं तोंड स्वच्छ होतं. काजळीखाली इतकी वर्षं दडलेल्या सुरकुत्या आता दिसत होत्या. बराच वेळ बघून झाल्यावर तिने कोपऱ्यातला मेणबत्त्यांचा जुडगा उचलला आणि पडवीत येऊन एदिल्माच्या पुढ्यात ठेवला.

"अहो, आता कशाला? परत न्या," एदिल्मा म्हणाली.

"या मेणबत्त्या मी घरी परत नेत नाही," अमिंता म्हणाली. "तुमचा तो कागद आहे का जवळ?"

कागद खिशात होता, उसाच्या रसाने चिकटलेला. एदिल्माने तो जपून उलगडला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि सवयीने पहिला प्रश्न वाचला.

"तुमच्या चुलाणात काय जाळता?"

अमिंताने मान वळवून चुलाणाकडे पाहिलं.

"आमच्या एलिएसेरना," ती म्हणाली.

चिपाडं, लाकूड, टायर, तिन्ही चौकटींवरून एदिल्माची पेन्सिल फिरली आणि अडखळली. शेवटी तिने 'इतर'पुढे आपल्या सुवाच्य अक्षरात ते नाव लिहिलं, आणि दुसरा प्रश्न वाचायला घेतला.