गोजाबाईची बिनबैलाची भाजी

पिंपळे सौदागरच्या गोजाबाईला भाजीतलं कुणी शिकवावं, हीच मुळात गंमत. पण चौपन्न साली तिची गाठ यशवंतराव सुभेदारांशी पडली.

सुभेदार लढाईत कुठल्याशा खडकाळ बेटावर पलटणीसाठी मातीशिवाय भाजी पिकवायला शिकले होते. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी गावच्या माळावर काचघर उभं केलं. आत लांब हौद, हौदात नुसती खडी, आणि खडीतून फिरणारं खताच्या पावडरींचं पाणी. कामाला चार बाया घेतल्या आणि कवायत शिकवावी तसं शिकवायला लागले.

"मातीचा कण आत आणायचा नाही!" ते गरजले. दुसऱ्याच दिवशी गोजाबाईच्या ओच्यात मूठभर काळी माती सापडली.

"सुभेदार, लेकराला आईचं दूध नगं व्हय?"

"पावडरीच्या दुधावर पलटणी जगल्यात, बाई!"

पण बाई हुशार. पान पिवळं पडलं की कुठली पावडर कमी पडली, हे दोन महिन्यांत ती सुभेदारांच्या आधी सांगू लागली. त्यांनी तिला मुकादम केलं आणि काचघराशेजारची खोली दिली. नवरा गेल्यापासून पंधरा वर्षं ती थोरल्या जावेच्या, रुक्मिणीबाईच्या, घरी राबत होती. सगळ्यांची जेवणं झाली की पातेलं खरवडून खायची. निघताना जाऊ म्हणाली होती, "खडी खाऊन पोट भरतंय व्हय? चार दिसांत येशील माघारी."

भाजी आली झोकात, पण घेईना कुणी. औषधाच्या पाण्यावरची भाजी, खाल्ली तर पोटात वेल फुटेल, म्हणे. देहूरोडच्या लष्करी बंगल्यांतूनही टोपल्या तशाच परत आल्या. "गणपतीपर्यंत बघतो, मग कुलूप," सुभेदार म्हणाले. गोजाबाईला जावेचं घर दिसायला लागलं. पुन्हा ते दार? त्यापेक्षा विहीर बरी!

आणि विहिरीवरच तिला सुचलं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बायांना बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. परसातल्या चार वेलांवर सगळं गाव भागवायचं म्हणजे दरवर्षी मारामार.

"आपल्या भाजीनं नांगराचं तोंड तरी बघितलंय का?" तिनं सुभेदारांना विचारलं. सुभेदार खूश झाले. तेवढ्यात तिचं लक्ष मोटेकडं गेलं. काचघराचं सगळं पाणी बैल ओढत होते.

"बैल सोडा," ती म्हणाली. "आनि नवं बी टाका."

"मग मोट कोण ओढणार?"

 गोजाबाई सुभेदारांच्या रुंद खांद्यांकडं बघत राहिली.

दोन महिने पाच माणसांनी पाणी ओढलं. मोट लहान केली, तरी तळहात सोलले. भेंडी, दोडकी, काकडी, माठ, सगळं मात्र लटालटा लागलं.

चतुर्थीच्या दुपारी गावच्या बाया बघायला आल्या. पुढं रुक्मिणीबाई, नाक वर करून. "नांगर न्हाई, कबूल. पर विहिरीला मोट हाय की! सणासुदीला गावाला बाटवतीस व्हय गं?"

बाया मागं सरकल्या.  गोजाबाई सगळ्यांना विहिरीवर घेऊन गेली. तिथं सुभेदार धोतर खोचून, दोर खांद्यावर घेऊन, घामानं निथळत स्वतःलाच हुकूम देत होते, "लेफ्ट! राइट!"

"अगं बया बया! सुभेदाराला जुंपलंस?" रुक्मिणीबाईनं तोंडाला पदर लावला. बाया हसून हसून खाली बसल्या. पण निकाल जावेच्या तोंडून यायचा होता. तिनं पुढं होऊन सुभेदारांचे सोललेले तळहात निरखले.

"बैल चालत न्हाई," ती शेवटी म्हणाली. "सुभेदार चालतो. भर माझी टोपली."

संध्याकाळपर्यंत एक भेंडी उरली नाही. ऋषीला चालली ती भाजी रोज चालायला कुणाची ना? पुढच्या बाजारापासून टोपल्या रिकाम्या येऊ लागल्या, आणि सुभेदारांनी शिकवायला आणखी चार बाया घेतल्या. पण ते पुढचं.

त्या दुपारी टोपली उचलताना जाऊ खालमानेनं म्हणाली, "उद्या घरी ये."

"राबाया?"

"जेवाया म्हनलं मी!"

पंचमीला गोजाबाई पाटावर बसली आणि जाऊ वाढू लागली. भाजी गोजाबाईनं तीनदा मागून घेतली. त्या घरची भाजी गरम कशी लागते, हे तिला पंधरा वर्षांनी कळलं.