नीळकंठरावांचं फिरणं

नीळकंठरावांना बीपीच्या गोळीपेक्षा सकाळच्या फिरण्याचा जास्त कंटाळा. उभा जन्म खुर्चीत बसून कारकुनी केलेला माणूस तो. आता या वयात रोज बालाजी मंदिरापर्यंत पाय ओढत जायचं म्हणजे त्यांना शिक्षाच वाटायची. पण मागच्या वर्षी देवघरासमोर चक्कर येऊन पडले, आणि देऊळगाव राजातल्या डॉक्टरांनी त्यांना रस्त्याला लावलं. घरात सून प्रतिमा डोळ्यांत तेल घालून पहारा करायची. ताटातलं लोणचं तर तिनं त्याच दिवशी बंद केलं.

प्रतिमा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. कॉलेजनं गावात तपासणी शिबिर घेतलं, तेव्हा तिनं त्या माहितीवर मल्टिपल रिग्रेशन मांडायचं ठरवलं. वय, वजन, तंबाखू, मीठ, फिरणं, यांतल्या एकेका गोष्टीचा रक्तदाबावर किती भार पडतो, ते बाकीच्या गोष्टी सारख्या धरून वेगवेगळं काढायचं. मग नवा माणूस समोर आला की त्याला धोका किती, याचा अंदाज आधीच बांधता येतो. लोकांना प्रश्न विचारायचं काम नीळकंठरावांनी हौसेनं अंगावर घेतलं. कोरे रकाने दिसले की त्यांना अजूनही हुरूप येई.

आकडे हाती आले त्या दिवशी प्रतिमा जेवताना ताटात नुसत्या रेघा ओढत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, कुठंतरी गडबड आहे. जे रोज फिरायला जातात, त्यांचाच बीपी जास्त निघतोय. वय, वजन सारखं धरूनसुद्धा."

नीळकंठरावांचा घास हातातच राहिला. निवृत्तीनंतर इतकी गोड बातमी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती.

"गडबड काऊन म्हणायची? गणित खोटं बोलत नाही, हे तूच सांगतेस ना!"

दुसऱ्या दिवशी त्यांचे बूट माळ्यावर गेले. सोबतीला येणाऱ्या दयारामनं फाटकातून हाक मारली, तर हे झोपाळ्यावरूनच म्हणाले, "नाही येत बुवा. शास्त्रानं मनाई केली." प्रतिमानं विनवलं, रागावून पाहिलं, पण गल्लीभर ती बातमी वाटून झालेल्या माणसानं माघार घ्यायची कशी? पंधरवड्यानं बीपी मोजला तर चांगलाच वर गेलेला. प्रतिमाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे सगळं मी तुमच्यासाठी मांडलं होतं, बाबा. आणि माझ्याच आकड्यानं तुम्ही घरात बसलात."

पुन्हा रागावली असती तर नीळकंठराव भांडले असते. रडणाऱ्या सुनेपुढं त्यांचं काही चालेना. पिशवी उचलून ते भाजी आणायला म्हणून बाहेर पडले.

बाजारात अन्नपूर्णाबाई मेथीच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. शिबिरातली ओळख लगेच निघाली.

"काय साहेब, माहा बीपी तं पोरीवानी निघाला म्हने!"

"हो ना. आणि तुम्ही तर फिरायलाही जात नाही. मीच लिहिलं तसं."

अन्नपूर्णाबाई पोट धरून हसल्या. "फिराले? पहाटपासून वावरात वाकून मेथी उपटा, पाटी डोक्यावर घेऊन इथवर पायी या. मंग मले फिराले कोनता डॉक्टर पाठवीन? ते तुमच्यासारख्या खुर्चीवाल्याचं काम!"

नीळकंठराव जागच्या जागी उभे राहिले. 'रोज फिरायला जाता का?' असं त्यांनी विचारलं होतं, आणि दिवसभर पायांवर असलेल्या सगळ्या शेतकऱ्यांपुढं आपल्या देखण्या अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. 'हो' म्हणणारे कोण? ते स्वतः, दयाराम, आणि बीपी वाढल्यावर डॉक्टरांनी बाहेर काढलेले बाकीचे सगळे. फिरण्यानं बीपी वाढला नव्हता, बीपीनं फिरायला लावलं होतं! मेथी तिथंच विसरून ते जवळजवळ पळतच घरी आले.

"प्रतिमा! गणित तुझं बरोबर हाय. मी इचारलंच चुकीचं!"

सगळं ऐकून प्रतिमा ओल्या डोळ्यांनीच खळखळून हसली. कामात दिवसभर किती चालणं होतं आणि बीपी आधीपासून होता का, या दोन गोष्टी हिशोबात आल्याच पाहिजेत, हे तिला लगेच पटलं. "पण सगळ्यांना पुन्हा विचारावं लागेल. तेही वावरात जाऊन."

"मी जातो की."

"गाडी नाही जात तिथं. बांधाबांधानं चालावं लागेल, बाबा."

नीळकंठरावांनी सुनेकडं पाहिलं, माळ्याकडं पाहिलं, आणि नातीला हाक मारली. "आरोही, माझे बूट काढ गं!"

नंतरचे कितीतरी दिवस ते वांग्याच्या, टमाट्याच्या वावरांतून हिंडले. कुणी हरभऱ्याचा टहाळा हाती दिला, कुणी ताक पाजलं. दयारामही मागे मागे जाऊ लागला. नवी माहिती भरल्यावर फिरण्यापुढचा आकडा निमूटपणे उणे झाला. म्हणजे चालणाऱ्याचा बीपी कमीच. प्रतिमानं त्यात सासऱ्यांचं वय, वजन, सगळं घालून अंदाज काढला, मग यंत्र आणून त्यांचा बीपी मोजला.

"अंदाजापेक्षा बराच कमी आलाय, बाबा."

"म्हणजे गणित चुकलं?" नीळकंठराव हिरमुसले.

"चुकू द्या," प्रतिमा म्हणाली, आणि वर्षभरानं पहिल्यांदाच तिनं त्यांच्या ताटात लोणच्याची एक फोड वाढली.