झेंडा खालीच होता

माझ्या धाकट्या बहिणीचा नातू एकोणिसाव्या वर्षी आमच्या गावच्या फुटबॉल क्लबात एका हंगामाच्या करारावर आला. क्लबाचं मैदान माझ्या घरापासून सात मिनिटांवर, म्हणून मागची खोली त्याला दिली. आल्या दिवशीच त्याने पलंग ओढून खिडकीखाली नेला. "आजी, इथून छत जास्त दिसतं," म्हणाला. छत पाहण्यासाठी पलंग हलवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढे कळलं, की छत हे त्याचं मैदान. सराव संपवून दुपारी आला की पाय भिंतीवर उंच ठेवून पडायचा आणि वर बघत राहायचा. पडदा हलला की छतावर सावल्या धावायच्या, आणि हा त्यांच्यामधून वाट काढत गोल मारायचा. जेवायला हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ यायची, तीही कुठून तरी लांबून आल्यासारखी.

तो फॉरवर्ड. गोल करणं हेच त्याचं काम, आणि नेमकं तेच होत नव्हतं. ऑक्टोबर ते मार्च अकरा सामने, गोल एकही नाही, ऑफसाइड सतरा वेळा. मला खेळातलं काही कळत नसे. त्याने समजावलं, "आपल्या गड्याने चेंडू पुढे टाकला त्या क्षणी मी त्यांच्या शेवटच्या बचावपटूच्या पुढे असलो, तर कडेचा पंच झेंडा वर करतो. मग गोल झाला तरी फुकट."

"मग अंमळ थांबावं."

"चेंडू सुटायच्या आधीच तो कुठे पडणार ते मला दिसतं ना, आजी. दिसलं की पाय निघतातच."

संघातले त्याला नवरदेव म्हणत. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तो हसून सोडून द्यायचा. त्याचे वडील शिंपी. त्यांचा निरोप त्याच्या आईकडून, म्हणजे माझ्या भाचीकडून, फोनवर यायचा, "पायच चालवायचे असतील तर दुकानात मशीन रिकामं पडलंय, म्हणावं." ती हसत सांगायची, पण करार वाढला नाही तर त्याने परत येऊन दुकानात बसायचं, हे घरात ठरलेलं होतं.

शेवटून दुसऱ्या सामन्याला मी गेले होते. धुकं पूर्ण उठलं नव्हतं. पलीकडचा गोल अर्धवट पुसलेल्या चित्रासारखा दिसत होता. त्याच्याकडे चेंडू आला, समोर एकटा गोलकीपर. आणि हा थांबला. मान वळवून कडेच्या पंचाकडे बघू लागला. झेंडा खालीच होता. तेवढ्यात गोलकीपरने पुढे येऊन पायातला चेंडू अलगद उचलून नेला, टेबलावरचा कप उचलावा तसा.

कोच सगळ्यांदेखत ओरडले, "झेंड्याची परवानगी घेऊन गोल मारणार का तू?"

त्या दिवशी त्याने छताकडे पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ते मला ऑफसाइडपेक्षा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू आला. बापू म्हणजे मधल्या फळीतला जुना खेळाडू, पस्तिशीचा, एक गुडघा कायम पट्टीत. याला पुढे पास द्यायचं काम त्याचंच, आणि हा त्याचा शेवटचा हंगाम. चहा घेतल्यावर त्याने आमचा बोळ निरखला. बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत सरळ जातो.

"काकू, ती फुलदाणी उचलता का?"

"ती राहू दे. तुझा नेम बरा आहे, असं ऐकलंय."

"ऐकलंय ते गुडघा धड होता तेव्हाचं," म्हणत त्याने स्वतःच ती उचलून माझ्या हातात दिली. मग नातवाला बोळाच्या मध्यावर पाठमोरं उभं केलं. "डोळे मीट. तुला फार दिसतं, तोच घोळ आहे. माझा पाय चेंडूला लागल्याचा आवाज आला की निघ. त्याआधी नाही."

पहिल्या दहा वेळा तो आधीच सुटला. "नवरदेवा, वरात अजून निघायचीय!" बापू ओरडायचा. बापू मुद्दाम पाय उगारून थांबायचा, खोकायचा, जमिनीवर बूट घासायचा. आठवडाभर रोज सकाळी तासभर हे चाललं. शनिवारी मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं: डोळे मिटलेले, अंगात कुठेही ताण नाही, झोपेत उभा असल्यासारखा. ठप्प असा आवाज झाला आणि तो निघाला. आवाज आणि पाऊल यांच्यात कागद सरकला नसता.

शेवटच्या सामन्याला प्रेक्षक इतके थोडे, की निम्मे मला तोंडओळखीचे. मैदानावर कोवळं पिवळं ऊन आणि विलक्षण शांतता. सत्तर मिनिटं काही घडलं नाही. फक्त तो एकदाही ऑफसाइड नव्हता. मग बापूकडे चेंडू आला. त्याने मान वर केली, पाय उगारला, थांबला. नातू जागचा हलला नाही. समोरचे बचावपटू मात्र, हा नेहमीसारखा आधीच सुटणार असं धरून, फसून दोन पावलं पुढे आले. मग आवाज आला. मला इतक्या लांबून ऐकू आला असेल का, शंका आहे, पण ऐकल्याचं आठवतं खरं. तो त्यांच्या मधून निघाला, मान न वळवता. गोलकीपर पुढे आला आणि चेंडू त्याच्या बाजूने, मुळीच घाई नसल्यासारखा, घरंगळत आत गेला.

तो मात्र तिथेच उभा. बापू लंगडत गेला आणि त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "झालाय रे! मोजलाय त्यांनी!"

सोमवारी कोचने बोलावलं. मी दारातच बसले होते. तो फाटकातून आला, तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"सहा महिने," तो म्हणाला. "वर्ष नाही दिलं. सहा महिने बघतो म्हणाले."

"आणि बापू?"

"बापूचा संपला. तो म्हणाला, ही सहामाही परीक्षा समज. आता पास दुसऱ्याचे येणार, त्याच्या पायाचा आवाज नव्याने शिक."

आत आल्यावर मी भाचीला फोन लावून त्याच्या हातात दिला. पलीकडे वडील होते. ते काय बोलले, ते मला ऐकू आलं नाही. हा बराच वेळ नुसता हं, हं करत होता, आणि ऐकता ऐकता त्याची नजर हळूहळू वर, छताकडे गेली.